एका टनात बारा ग्रॅम

ब्रॉयलरच्या एक टन खाद्यात ‘अ’ जीवनसत्त्वाची भुकटी किती घालतात? साधारण बारा ग्रॅम. किलोमागे १२,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) हा हिशेब धरला आणि ग्रॅमला १० लाख आययू ताकदीची भुकटी घेतली, की आकडा तेवढाच येतो. हजार किलो मका, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), तेल, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), मीठ यांच्या ढिगात हे बारा ग्रॅम. त्यातही खरे जीवनसत्त्व जेमतेम एक तृतीयांश, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास. बाकीचे सगळे सामान त्या चार ग्रॅमच्या रक्षणासाठी लावलेले असते.

हे प्रमाण एकदा ध्यानात आले, की पुणे, नाशिक, सांगलीकडचा पोल्ट्रीवाला प्रीमिक्सच्या, म्हणजे जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणाच्या, बॅगेला जे पैसे मोजतो ते कशाचे, हे उलगडायला लागते. जीवनसत्त्व तयार करायला खर्च येतोच, पण ते टिकवायलाही येतो. हवेशी वैर असलेला पदार्थ मिक्सर, वाफ, पेलेट (गोळ्या) पाडणाऱ्या मशीनची डाय, गोदाम, ट्रक आणि शेड एवढी ठाणी ओलांडून पिल्लाच्या आतड्यापर्यंत शाबूत न्यायचा असतो. मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे चार: अ, ड, ई आणि के. चौघांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. हवेला सर्वांत लवकर बळी पडते ते अ, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच.

त्याचा रेणू कसा दिसतो, हे झुरिकच्या पॉल कारर यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. एका टोकाला कार्बनचे कडे आणि त्याला लागून लांब शेपटी. कडे आणि शेपटी मिळून पाच दुहेरी बंध, तेही एकाआड एक. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपण्याचे काम याच रचनेमुळे होते आणि जीवनसत्त्वाचा पिवळसर रंगही तिच्यामुळेच. पण दुहेरी बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाट वस्ती. इलेक्ट्रॉनच्या शोधात असलेल्या कणाला अशी सलग वस्ती आयतीच सापडते.

असे कण म्हणजे फ्री रॅडिकल. ते येतात कुठून? बहुतेक वेळा शेजारच्या मेदातून. उष्णतेने, उजेडाने किंवा धातूच्या स्पर्शाने मेदाम्लातला एखादा हायड्रोजन निखळतो. उरलेला अर्धवट रेणू हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि मग आपली उणीव भरून काढायला शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. आता तो शेजारी अर्धवट होतो, तोही तेच करतो. यातून जे पेरॉक्साइड साठते ते काही काळ गप्प बसते. तांबे किंवा लोह जवळ आले की ते फुटून नवे रॅडिकल तयार होतात आणि एका साखळीच्या अनेक साखळ्या होतात. वाटेत ‘अ’चा रेणू आला, तर रॅडिकल त्याच्या शेपटीलाच चिकटतो, बंधांची रांग मोडते आणि रेणू जीवनसत्त्व म्हणून संपतो. या घसरणीचा वेग एकसारखा नसतो. सुरुवातीला फारसे काही घडत नाही, मग एकदम कोसळते. पंधराव्या दिवशी ठीक आलेल्या चाचणीवरून दुसऱ्या महिन्याचा अंदाज बांधू नये तो एवढ्यासाठी.

हीच गोष्ट कडब्यातही घडते. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन भरपूर असते, जनावर त्यातून अ जीवनसत्त्व बनवते. उन्हात वाळून, गंजीत महिनोन्‌महिने पडून पांढुरक्या झालेल्या कडब्यात ते जवळजवळ उरलेलेच नसते. उन्हाळ्याच्या शेवटी गोठ्यातली जनावरे यकृतात साठवलेल्या पुंजीवर दिवस काढतात. कोंबडीला, विशेषतः एका दिवसाच्या पिल्लाला, एवढी पुंजी कुठून असणार!

अ जीवनसत्त्व हवेने मरते, ही गोष्ट विज्ञानाच्या एकदा फार उपयोगी पडली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि त्यांचे सहकारी कॉड माशाच्या यकृताच्या तेलावर काम करत होते. त्या तेलाने उंदरांचे डोळ्यांचे दुखणे बरे होई आणि हाडे वाकण्याचे, म्हणजे मुडदूसही. दोन्ही गुण एकाच पदार्थाचे की दोन? त्यांनी तेल तापवून त्यातून तासन्‌तास हवा सोडली. तसे केलेल्या तेलाने डोळे बरे होईनात, मुडदूस मात्र बरा होत राहिला. याचा अर्थ तेलात दुसरे काहीतरी होते आणि ते हवेला पहिल्याइतके भीत नव्हते. १९२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्या दुसऱ्या पदार्थाला पुढे ‘ड’ हे नाव मिळाले.

त्या काळी कोंबड्यांनाही खाद्यातून माशाच्या यकृताचे तेलच देत. आता आठवा, तेल जेव्हा भरडलेल्या धान्यावर पसरते तेव्हा काय होते. बाटलीतल्या तेलाला हवा फक्त वरच्या तोंडाशी लागते. दाण्यादाण्यावर पातळ थर झालेल्या तेलाला ती सगळीकडून लागते. खाद्य आठवडाभर पडून राहिले, की तेल खवट आणि जीवनसत्त्व बेपत्ता. १९४७ मध्ये बाझेलच्या रोश कंपनीत ऑटो इस्लर यांनी अ जीवनसत्त्व कारखान्यात बनवता येईल अशी पद्धत बसवली. माशावरचे अवलंबित्व सुटले, पण हवेचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. कारखान्यात बनलेला रेणूही तोच होता.

पहिला इलाज रेणूवरच केला जातो. ‘अ’च्या शेपटीच्या टोकाला असलेल्या हायड्रॉक्सिल गटावर ॲसिटेट किंवा पामिटेट बसवतात. टोक असे बंद केले की रेणू थोडा शांत होतो, आतड्यात पोचल्यावर विकरे हे झाकण काढून टाकतात. दुहेरी बंधांची रांग मात्र उघडीच असल्यामुळे एवढ्याने भागत नाही.

हीच युक्ती ई जीवनसत्त्वावर केली, की गंमत होते. ‘ई’ हे निसर्गातले नामांकित अँटिऑक्सिडंट. आपला हायड्रोजन रॅडिकलला देऊन ते साखळी तोडते आणि स्वतः मात्र फारसे उपद्रवी होत नाही. पण तो हायड्रोजन ज्या गटावर असतो, नेमका त्याच गटावर ॲसिटेट बसवलेले असते. त्यामुळे खाद्यात घातले जाणारे टोकोफेरिल ॲसिटेट स्वतः चांगले टिकते, पण पोत्यात असेपर्यंत इतर कुणाच्या उपयोगी पडत नाही. ‘प्रीमिक्समध्ये ई भरपूर आहे, मग अ कशाला खराब होईल?’ असे फार्मवर नेहमी ऐकू येते. ते ई अजून कामावर रुजूच झालेले नसते. लेबलवर ‘ई’चा आकडा मोठा म्हणून प्रीमिक्स जास्त टिकाऊ, असे समजणाऱ्याची फसवणूक होते, आणि विक्रेते ही समजूत दूर करायला फारसे उत्सुक दिसत नाहीत.

दुसरा इलाज वेष्टनाचा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी कारागिरी इथेच आहे. गरम पाण्यात जिलेटिन आणि साखर विरघळवतात. तेलकट जीवनसत्त्वात अँटिऑक्सिडंट मिसळून ते या पाकात घुसळतात, इतके की तेलाचे थेंब मायक्रॉनच्या आसपास बारीक व्हावेत. मग हे मिश्रण हवेत तरंगणाऱ्या स्टार्चच्या भुकटीत फवारतात. थेंब पडता पडता गोठतात, अंगाला स्टार्च लागल्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत, आणि वाळवले की बारीक मणी तयार होतात. मण्याची रचना राजगिऱ्याच्या लाडवासारखी समजावी, दाण्यांच्या जागी तेलाचे थेंब आणि गुळाच्या जागी जिलेटिन. लाडू फुटला तरी प्रत्येक दाण्याभोवती गूळ असतोच, तसे मणी डायमध्ये घासून तुटला तरी तुटलेल्या बाजूचे थेंब तेवढे उघडे पडतात, आतले झाकलेले राहतात. एकाच मोठ्या थेंबावर एकच कवच चढवले असते तर एका चिरेने सगळे गेले असते.

एवढे करूनही साधे जिलेटिन वाफेत विरघळते. म्हणून चांगल्या प्रतीच्या मण्यांना शेवटी उष्णता देतात. त्या उष्णतेत जिलेटिनचे अमिनो गट साखरेशी जोडले जातात आणि त्यातून जिलेटिनचे धागे एकमेकांत बांधले जातात. भाकरीवर तपकिरी डाग पडतात ते याच प्रकारच्या अभिक्रियेने, आणि मण्यांना तपकिरी छटा येते तीही तिच्यामुळेच. असे बांधलेले जिलेटिन गरम पाण्यातही विरघळत नाही. प्रीमिक्स घेताना चिमूटभर मणी गरम पाण्यात टाकून बघावेत. काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झाले, तर ते मणी पाण्यातून द्यायच्या औषधाला योग्य असतील, पेलेटच्या खाद्याला नाहीत.

मणी केवढा असावा, यावरही घासाघीस आहे. मोठा असेल तर वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणजे हवा कमी लागते. व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग दुप्पट होतो. मग मणी मोठेच का करू नयेत? कारण ते वाटले जायला हवेत. ३०० मायक्रॉनचा मणी धरला, तर आपल्या बारा ग्रॅममध्ये अंदाजे सात लाख मणी बसतात. खाद्याच्या किलोत सातशे. पहिल्या दिवशी पंधराएक ग्रॅम खाणाऱ्या पिल्लाच्या वाट्याला दहा. व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच वजनात मण्यांची संख्या एक अष्टमांश होते, म्हणजे त्या पिल्लाला एखादाच मणी मिळेल, किंवा मिळणारही नाही. टिकाऊपणा आणि समान वाटप यांच्यातली ही तडजोड आहे.

ड जीवनसत्त्व पुष्कळदा ‘अ’बरोबर त्याच मण्यात घालतात, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. ई जीवनसत्त्व झाकण घातलेले असल्यामुळे त्याला मण्याची फारशी गरज नसते, ते तेल सिलिकावर शोषून निम्म्या ताकदीची भुकटी करतात. ‘के’च्या जागी मेनाडिओनचा एखादा क्षार वापरतात. तो मेदात नव्हे, पाण्यात विरघळतो, आणि त्याचे खरे शत्रू ओल आणि धातू हे आहेत.

तिसरा इलाज अँटिऑक्सिडंटचा. बीएचटीसारखा पदार्थ रॅडिकलला आपला हायड्रोजन देतो. त्यातून बनलेला त्याचा स्वतःचा रॅडिकल इतका जाडजूड आणि आळशी असतो, की पुढे कुणाला छळत नाही. पण देऊन देऊन हा साठा संपतो. संपेपर्यंत जीवनसत्त्व जवळजवळ जसेच्या तसे आणि संपल्यावर घसरण, असा प्रकार असतो. त्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल घातले तर ते तांबे-लोहाच्या कणांना पकडून ठेवते. त्याने साखळी तुटत नाही, पण नवी सुरू व्हायचे प्रमाण कमी होते.

या कामातला दीर्घकाळचा मल्ल म्हणजे इथॉक्सिक्विन. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून ते आधी वापरात आले आणि १९५०च्या दशकात मोन्सॅंटोने ते खाद्यासाठी पुढे आणले. स्वस्त आणि अतिशय गुणकारी. फिशमीलच्या वाहतुकीत तर ते जवळजवळ अनिवार्य होते, कारण फिशमीलमधले तेल ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडते आणि जहाजाच्या तळघरात माल आपोआप पेट घेऊ शकतो. पण ते खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात अंशतः उरते. २०१२ मध्ये जपानने भारतातून येणाऱ्या कोळंबीत इथॉक्सिक्विन तपासायला घेतले आणि मर्यादा लावली दहा लाखांत ०.०१ भाग. कोळंबीच्या खाद्यातल्या फिशमीलमधून ते येत होते. निर्यातदारांची धावपळ झाली, २०१४ मध्ये जपानने ही मर्यादा ०.२ पर्यंत सैल केली. युरोपीय संघाने २०१७ मध्ये खाद्यातली त्याची परवानगी स्थगित केली. सुरक्षिततेबद्दल पुरेशी माहिती नव्हती आणि त्यात राहणाऱ्या पॅरा-फेनेटिडिन या अशुद्धीबद्दल शंका होती. तेव्हापासून बीएचटी, प्रॉपिल गॅलेट आणि रोझमेरीचा अर्क यांना दिवस आले. रोझमेरीबद्दल खूप बोलले जाते. ती काम करते, पण टनामागे रुपये मोजणाऱ्या ब्रॉयलरच्या धंद्यापेक्षा कुत्र्या-मांजरांच्या महागड्या खाद्यातच ती जास्त शोभते.

कारखान्यातून निघताना जीवनसत्त्वाला झाकण, मणी आणि अँटिऑक्सिडंट असे सगळे मिळालेले असते. तरीही प्रीमिक्सच्या बॅगेत त्याचे किती मातेरे होणार, हे शेजारी कोण आहे यावर ठरते. प्रीमिक्समधले दोन शेजारी वाईट. एक कोलीन क्लोराइड. ते हवेतली ओल इतकी ओढते, की उघडे ठेवले तर स्वतःच पाझरायला लागते. ओल लागली की मण्यांचे जिलेटिन फुगते आणि त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो. दुसरा शेजारी म्हणजे खनिजे. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आपल्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बाळगून असतो, नेहमीचे फेरस सल्फेट सात. पाणी आणि साखळी भडकवणारा धातू, दोन्ही एकाच कणात. जीवनसत्त्वे नुसती एका बॅगेत असतील, तर महिन्याकाठी ‘अ’ची घट अगदी थोडी असते. त्याच बॅगेत कोलीन आणि खनिजे घातली, की ती कित्येक पट होते, आणि ‘के’चे हाल तर त्याहून वाईट.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. जीवनसत्त्वांचे प्रीमिक्स वेगळे, खनिजांचे वेगळे, आणि कोलीन थेट मिक्सरमध्ये. खनिजे एकाच पाण्याच्या रेणूची, म्हणजे मोनोहायड्रेट घ्यावीत, किंवा धातू बांधून ठेवणारी चिलेट स्वरूपातली. पण लहान फार्मला सगळे एकाच पुडीत हवे असते. टनाला एक पुडी टाकली की काम झाले. या सोयीची किंमत पुडी फोडण्याआधीच चुकती होऊ लागते आणि ती कुठल्याही बिलावर दिसत नाही. कंपन्याही हे जाणतात. म्हणून लेबलवर छापतात त्याहून जास्त जीवनसत्त्व आत घालतात, की मुदत संपेपर्यंत छापलेला आकडा खरा राहावा. साठवण नीट असेल तर हे जादा घातलेले फुकट जाते, वाईट असेल तर पुरत नाही.

मिक्सरमध्ये पडल्यावर शेजाऱ्यांचा प्रश्न बराच मिटतो, कारण सगळेच विरळ होते. तिथे नवी भीती असते ती तेलाची. खवट राईस पॉलिश किंवा वारंवार तापवलेले तेल आले, तर तयार पेरॉक्साइडच खाद्यात येतात. पेरॉक्साइडचा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नये. पेरॉक्साइड आधी साठतात आणि मग फुटून नाहीसे होतात, त्यामुळे फार जुन्या तेलाचा आकडाही साळसूद दिसतो. अशा वेळी ॲनिसिडिनची चाचणी सोबत लागते, आणि नाकही. खवट तेल आणि ‘ई’ची कमतरता एकत्र आली, की दोन-चार आठवड्यांची पिल्ले मान वाकडी करून पाठीवर पडतात, पाय झाडतात. लहान मेंदूला सूज येऊन तिथली ऊतके मऊ पडलेली असतात. अशा शेडमध्ये आधी रोगाचा संशय घेतात. तेलाच्या पिंपाकडे लक्ष जायला वेळ लागतो.

लेअरचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीचे, खाद्य आपल्याकडे बहुतेक मॅशच, म्हणजे नुसते भरडलेले, असते, त्यामुळे त्याची वाफ चुकते. ब्रॉयलरचे खाद्य पेलेटच्या मशीनमध्ये जाते. ऐंशी अंशांच्या आसपासची वाफ, ओल सोळा टक्क्यांजवळ, मग डायमधला दाब आणि घर्षण. बांधलेल्या जिलेटिनचा मणी यातून बराचसा निभावतो. कोळंबी आणि माशांचे खाद्य एक्सट्रूडरमधून जाते, तिथे तापमान शंभराच्या वर असते, म्हणून तिथे मुळातच जास्त घालावे लागते.

नंतर उरतो तो गोदामाचा काळ. दर दहा अंशांना अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले प्रीमिक्स पंचवीस अंशांच्या मानाने चौपट वेगाने झिजते. कोकणातल्या पावसाळ्यात उष्णता कमी पण ओल जास्त, नुकसान वेगळ्या वाटेने तेवढेच. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेली बॅग, ती जमिनीपासून वर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, फोडल्यावर तोंड बांधलेली आणि आधी आलेली आधी संपवलेली. एवढे पाळले तरी बराच फरक पडतो.

खाद्यात शेवटी किती उरले, हे प्रयोगशाळेत एचपीएलसीवर मोजता येते. तिथेही मण्यांचा हिशेब आडवा येतो. दहा ग्रॅमच्या नमुन्यात मणी सातच असतील, तर एक जास्त-कमी आला तरी निकाल चौदा टक्क्यांनी हलतो. म्हणून वेगवेगळ्या पोत्यांतून किलोभर नमुना जमवून, तो बारीक दळून, मग त्यातला थोडा घ्यायचा. पुडीत बांधून पाठवलेल्या मूठभर खाद्याच्या रिपोर्टवरून कंपनीशी भांडायला जाणे व्यर्थ आहे.

पिल्लाने खाद्य खाल्ले, की इतका वेळ जे टिकायला हवे होते तेच मोडायला हवे. बांधलेले जिलेटिन पाण्याला दाद देत नाही, पण ते प्रथिन आहे आणि जठर-आतड्यातली विकरे प्रथिन पचवतात. मणी जास्त उष्णता देऊन फारच घट्ट बांधला, तर तो पचायच्या आत विष्ठेतून निघून जातो. त्यामुळे इथेही मर्यादा आहे. मणी सुटला की पित्तात तेलाचे थेंब मिसळतात, स्वादुपिंडाची विकरे ॲसिटेटची झाकणे काढतात, आणि ई जीवनसत्त्व आता कुठे अँटिऑक्सिडंट म्हणून मोकळे होऊन पेशींच्या पडद्यांत जाऊन बसते. ‘अ’ला पुन्हा पामिटेटचे झाकण लागते आणि ते यकृतात साठते. खाद्याच्या रिपोर्टवर विश्वास नसेल, तर काही पिल्लांच्या यकृतातले अ जीवनसत्त्व मोजतात. बारा ग्रॅमपैकी किती पोचले, ते तिथे कळते.